अडकलेला आटा : बोरघाट ते बंदर

समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत-खालापूरचा बोटीच्या इंजिनाशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या दोन तालुक्यांना बंदर नाही. मात्र येथील नद्या समुद्राचा पत्ता विसरलेल्या नाहीत. कर्जतवरून वाहणारी उल्हास कल्याणमार्गे वसईच्या खाडीला मिळते आणि खालापुरातून जाणारी पाताळगंगा धरमतरच्या खाडीत विसावते. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. बंदरावर जे उतरले, ते या घाटाच्या पायथ्याशी आल्यावाचून राहिले नाही. माणसे आली, माल आला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्रेही आली. त्या यंत्रांबरोबर एक क्षुल्लक वाटणारी वस्तू आली. ती म्हणजे आटे पाडलेला खिळा, अर्थात बोल्ट, आणि त्याची चाकी.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही नाखव्याला विचारावे. इंजिनातले काळे झालेले तेल बदलायचे असते, पण तेलाच्या टाकीच्या तळाचा प्लग, ज्याला मेकॅनिक ‘चेंबर नट’ म्हणतो, काही केल्या फिरत नाही. पाना घसरतो, नटाचे कोपरे झिजतात, हाताची साले निघतात. हे दुखणे गंजाचे आहे असे आपण मानतो. ते खरेही आहे, परंतु अर्धेच. उरलेले अर्धे दुखणे इतिहासाचे आहे.

प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडीत असे. एका कारखान्याची चाकी दुसऱ्याच्या बोल्टवर चढेलच याची शाश्वती नव्हती. यंत्र बिघडले की ते जेथे जन्मले तेथेच त्याचा सुटा भाग मिळायचा. जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या सरासरीवरून १८४१ मध्ये एक समान पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला एका इंचात किती आटे असावेत याचे ठरलेले कोष्टक. यात नवा शोध असा काही नव्हता. अनेकांनी आपला थोडा हट्ट सोडून एका मापाला मान्यता द्यावी, एवढीच त्यातील मागणी होती.

या मान्यतेचे मोल प्रथम समुद्रावरच कळले. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराला लहान तोफनौकांसाठी नव्वद इंजिने तातडीने हवी होती. एका कारखान्याला ते अशक्य होते. तेव्हा जॉन पेन याने नमुन्याचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत वाटले, सर्वत्र व्हिटवर्थचेच माप पाळले गेले, आणि ठिकठिकाणी घडलेले भाग जोडून इंजिने वेळेत उभी राहिली. समान आट्याची ही मोठी परीक्षा बोटीच्या इंजिनावर झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

घाटाची चढण

त्याच सुमारास, १८५६ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला. मध्ये उरला तो घाट. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर अथवा पायी खंडाळ्यापर्यंत जात आणि पुन्हा गाडीत बसत. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट असा चढ. जेम्स बर्कले हे या कंपनीचे मुख्य अभियंते होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच काळात, १८५९ मध्ये मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुरे करून घेतले. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. बर्कले आणि ट्रेडवेल यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्या मजुरांपैकी एकाचेही नाव आपण सांगू शकत नाही.

रूळ, पुलांचे लोखंड, वाफेची इंजिने ही सारी सामग्री इंग्लंडहून गलबतांनी आली, आणि तिच्याबरोबर इंचांची मापे, इंची पाने आणि व्हिटवर्थचे आटे या मुलखात रुजले. ज्या हातांनी आजवर कोयता आणि नांगराचा फाळ हाताळला होता, त्यांनी आता पाना धरला. गावच्या लोहाराचा मुलगा कर्जतच्या रेल्वेत फिटर होणे, या सामाजिक स्थित्यंतराचे आरंभस्थान येथे आहे.

पण जग एका मापाचे राहिले नाही. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा पुढे आणला. साध्या कारागिराला तो पाडण्यास सोपा, हा त्याचा युक्तिवाद होता. युरोपातील अभियंत्यांनी १८९८ मध्ये झुरिक येथे परिषद भरवून मिलिमीटरमधील आट्यांचे माप ठरविले. त्याच झुरिकच्या एशर विस कारखान्याची पाणचक्रे पुढे खोपोलीला आली. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी सुमारे सतराशे फूट खाली आणून टाटांनी खोपोलीला जे वीजघर उभारले, त्यातून फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. चक्र फिरवून सुटलेले पाणी पाताळगंगेतून धरमतरकडे जाऊ लागले. नेरळला सर आदमजी पीरभाय यांच्या कुटुंबाने उभारलेली माथेरानची छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली होती. तिची वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्याची. १९५० च्या दशकात डिझेल इंजिने आली, तीही जर्मनीचीच; पण मधल्या काळात खुद्द जर्मनीने व्हिटवर्थचे इंची आटे मागे टाकून मिलिमीटरची वाट धरली होती. अशा रीतीने दोन तालुक्यांच्या आटोपशीर टापूत इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांच्या यंत्रांची गाठ पडली.

येथे आणखी एक भेद नोंदवला पाहिजे. वाफेच्या इंजिनाला तेल सोडण्याचा प्लग हा विशेष प्रश्न नव्हता. ड्रायव्हर झारी घेऊन इंजिनाभोवती फिरे, सांध्यासांध्यात तेल घाली आणि ते तेल ठिबकून वाटेवर संपे. बंद पेटीत तेल साठवून तेच पुन:पुन्हा फिरवायचे, ही रीत आतील ज्वलनावर चालणाऱ्या इंजिनाबरोबर रूढ झाली. तेल साठले म्हणून ते मळू लागले. मळले म्हणून काढणे आले. आणि काढणे आले म्हणून तळाला प्लग आला.

पंचावन्न आणि साठ

दोन मापांच्या भांडणाची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. अमेरिकी यंत्राचा बोल्ट ब्रिटिश यंत्राला चालेना; दोस्त राष्ट्रे एकाच बाजूने लढत असून त्यांचे सुटे भाग परस्परांना परके होते. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकत्रित आट्याच्या करारावर सह्या केल्या. भारतात १९४७ मध्ये मानक संस्था स्थापन झाली, १९५६ मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि कारखान्यांत मिलिमीटरचे आटे येऊ लागले. तरीही नळाच्या आट्यांत व्हिटवर्थचे ५५ अंश आजही टिकून आहेत. दुकानात आपण ‘अर्धा इंची नळ’ मागतो, तेव्हा नकळत १८४१ सालाचा उच्चार करीत असतो.

तेलाच्या प्लगचे खरे संकट येथेच आहे. अर्धा इंच आणि पाऊण इंच या मापांच्या ब्रिटिश तसेच अमेरिकी नळजोडांत एका इंचात चौदाच आटे असतात. फरक मुख्यत: कोनाचा, एकाचा ५५ अंश तर दुसऱ्याचा ६०. त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे सुखाने जातो, मग घट्ट होतो. बसवणाऱ्याला वाटते, चांगला आवळला गेला. प्रत्यक्षात दोन्हींचे आटे एकमेकांना चिरडत असतात. त्यात निमुळता आटा असेल तर तो पाचरीसारखा रुततो. अशा प्लगवर वर्षभर खारे पाणी बसले की तो उघडणे हे बळाचे काम राहत नाही.

बोटीवरचा प्लग

मुंबई राज्यात १९५० च्या दशकापासून सहकारी संस्थांच्या आणि सरकारी कर्जांच्या आधाराने मच्छीमार बोटींना इंजिने बसू लागली. वसई, उत्तन, अर्नाळा, सातपाटी या किनाऱ्यांवर शिडाच्या सोबतीला यंत्राचा आवाज आला. घाटावर खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली होती. पुढे ट्रकसाठी घडवलेली लेलँडची इंजिनेही समुद्राला साजेशी करून बोटींत बसवली गेली. ट्रकखाली माणूस आडवा होऊन तळाचा नट सोडवू शकतो. बोटीत इंजिनाच्या खाली जागाच नसते. तेथे बोटीचे लाकूड आणि साचलेले खारे पाणी असते. म्हणून तो प्लग वर्षानुवर्षे कोणी हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणूनच तो बसतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोट किनाऱ्यावर ओढली की दुरुस्तीला हात घातला जातो आणि हे दुखणे उघड होते.

जाणता मेकॅनिक अशा वेळी प्रथम पाना उचलत नाही. तो आधी पाहतो : कोणता धातू कोणत्या धातूत बसला आहे? अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत पोलादी प्लग असेल तर इंजिन थोडा वेळ चालवून पेटी गरम करावी. भोक मोठे होऊन प्लग सैल होतो, शिवाय गरम तेल सहज वाहते. बिडाच्या पेटीत पितळी प्लग असेल तर मात्र उलट. उष्णतेने पितळ अधिक फुगते आणि अधिक आवळते. तेथे इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बोटीच्या तळाशी डिझेलची वाफ कोंडलेली असते, म्हणून उघडी ज्योत तेथे कधीही नेऊ नये. आट्यांत घासलेट किंवा पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. मग हातोडीचे हलके ठोके, नटाला घट्ट बसणारा गोटी पाना, आणि सोडवण्याआधी किंचित आवळून पाहणे. जरा पुढे, जरा मागे, असा तो हळूहळू मोकळा करावा लागतो. आणखी एक सावधगिरी : प्लगचे तोंड खाली असते आणि माणूस वरून हात घालतो. वरून पाहता सोडवण्याची दिशा उलटी दिसते. कित्येक प्लग सोडवण्याच्या भरात अधिकच आवळले गेले आहेत.

इतके करूनही तो हलला नाही तर हट्ट सोडावा. तेल मोजण्याच्या पट्टीच्या नळीतून बारीक नळी आत घालून हातपंपाने तेल वर ओढून घ्यावे. फुटलेली पेटी ऐन हंगामात बोटीला किनाऱ्यावर बसवते आणि बोट बसली की घरची चूल मंदावते. जुने तेल तसेच राहिले तर बेअरिंगे झिजतात आणि इंजिन भर समुद्रात दगा देते. दोन बोटे रुंदीच्या या प्लगवर चार-सहा माणसांचा जीव आणि तितक्या घरांची भाकरी अवलंबून असते.

नवा प्लग बसवताना मात्र घाई नको. जुना प्लग हाती धरून दुकानात जावे, त्याचे आटे मापकाने तपासून घ्यावेत, आणि तो पहिले काही फेरे नुसत्या बोटांनी फिरतो का ते पाहावे. जो आटा आपला आहे तो बोटांनी फिरतो. परक्या आट्याला पाना लागतो.

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण वाफ, वीज आणि मोठमोठे पूल यांचे गोडवे गातो. व्हिटवर्थने केलेले काम त्यांच्याइतकेच मोलाचे होते, कारण त्याने अनोळखी माणसांच्या कामांना एकमेकांत बसण्याची सोय करून दिली. एका गावात घडलेली चाकी दुसऱ्या गावच्या बोल्टवर सुखाने फिरते, यामागे कोणीतरी आपले माप सोडून सर्वांचे माप स्वीकारलेले असते. ही तडजोड जेथे अपुरी राहिली, तेथे अजूनही एखादा प्लग अडकतो. तो सोडवणाऱ्या मेकॅनिकचे नाव कोणत्याही ग्रंथात येत नाही, जसे बोरघाट फोडणाऱ्या मजुरांचे आले नाही. पण कोणता धातू, कोणता आटा, किती ऊब आणि कोठे थांबावे, हे ज्ञान त्याच्या हातात आहे, आणि बंदरावरच्या बोटी त्याच ज्ञानाच्या भरवशावर समुद्रात जातात. ते ज्ञान त्याच्याबरोबर नाहीसे होण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून कोणीतरी ते उतरून घेतले पाहिजे.