शतावरीचा कोंब, शतावरीचं मूळ

बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प द्यायची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आज त्या काटेरी वेलीचा इतिहास सांगते.

शतावरी चरकसंहितेत आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिचं एक नाव 'बहुसुता', म्हणजे पुष्कळ लेकरांची. जमिनीखाली बोटाएवढ्या मुळ्यांचा झुबका पाहिला की नाव पटतं.

तिची एक बहीण युरोपात वाढली, हॉटेलात मिळते ती ॲस्परॅगस. रोमच्या केटोने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तिचा वाफा कसा करावा ते लिहून ठेवलं. १७५३ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं. आपल्या इंदुरीची गढी ज्या दाभाडे घराण्याची, त्या घरच्या उमाबाई त्याच वर्षी वारल्या. आपल्या शतावरीचं शास्त्रीय नाव १७९९ सालचं.

तिकडे कोंब खातात, इकडे मूळ खणतात. कोंब कापला तर पुन्हा फुटतो. असा वाफा पंधरा-वीस वर्षं चालतो. मूळ उपटलं की वेल संपली. औषधाची मागणी वाढली तशी रानातली शतावरी कमी झाली, आणि रानावर चार पैसे मिळवणाऱ्या बाईचीच कमाई गेली. २००० साली केंद्राने औषधी वनस्पतींसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केलं, तेव्हापासून लागवडीवर भर आला. खरं तर पावसाच्या तोंडावर शतावरीचे कोवळे कोंब खुडून भाजी करायची रीत आपल्याकडेही होतीच.

परसात लावायची तर बी रात्रभर भिजवून उन्हाळ्यात रोपं करा. पाऊस सुरू झाला की गादीवाफ्यावर लावा. पाणी साचू देऊ नका, वेलीला काठीचा आधार द्या. मुळ्या दीड-दोन वर्षांनी काढा, पण थोड्या मुळ्यांसकट गड्डा परत मातीत लावा. मुळ्या ओल्या असतानाच सोला, मधली शीर काढा, सावलीत वाळवा. औषध म्हणून घेताना मात्र वैद्यांना विचारा.

ॲस्परॅगस लावलीत तर पहिली दोन वर्षं कोंबाला सुरी लावू नका. तिसऱ्या वर्षापासून वीतभर कोंब कापा आणि सहा-आठ आठवड्यांनी थांबा. उरलेला पाला वाढला तरच मुळांना अन्न मिळतं.

बचत गटातल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. गड्डा म्हणजे मुद्दल, कोंब म्हणजे व्याज. मुद्दल मोडू नका.