नान्सेन कुकर : ध्रुवीय प्रवासातील पाणी व इंधन (१८८८–१९१२)

ध्रुवप्रदेशांच्या संशोधनाचा इतिहास बहुधा धैर्याचा आणि स्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. स्वयंपाकाची भांडी त्यात क्वचितच येतात. वास्तविक बर्फावर माणूस किती दूर जाऊ शकेल, हे पुष्कळ अंशी सोबतच्या इंधनात किती दिवस पाणी तापवता येईल यावर अवलंबून होते. उणे ४० अंश सेल्सियस तापमानाचा एक किलो बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे २०, तो वितळविण्यास ८० आणि त्या पाण्यास उकळी आणण्यास १०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे निम्मे इंधन बर्फाचे पाणी होण्यातच खर्ची पडते.

नॉर्वेचा संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन (१८६१–१९३०) याने १८८८ मध्ये पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलंड ओलांडले, तेव्हा हा हिशेब त्यास प्रत्यक्ष भोगावा लागला. सोबत स्पिरिटची चूल होती, पण स्पिरिट बेताचेच. ही माणसे बाटल्यांत बर्फ भरून त्या कपड्यांच्या आत छातीशी बाळगत आणि अंगाच्या उबेने सुटलेले घोटभर पाणी पीत.

१८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट याचा प्रायमस स्टोव्ह बाजारात आला. पुढे अनेक दशके महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत भरभरणारा, पंप मारून पेटविण्याचा वातीविना स्टोव्ह तो हाच. रॉकेलची वाफ करून जाळल्यामुळे त्याची ज्योत प्रखर व काजळीविरहित असे. तथापि नान्सेनचे खरे योगदान ज्योतीत नसून तिच्याभोवतीच्या मांडणीत आहे. मधल्या भांड्यात अन्न शिजे. त्यास वेढून कड्याच्या आकाराचे दुसरे भांडे असे, त्यात बर्फ भरत. वर बर्फाचेच आणखी एक भांडे. या सर्वांवर बाहेरून आवरण घातलेले असे. तप्त वायू मधल्या भांड्याच्या कडेने वर चढत, वरच्या तळाला भिडत आणि मग वलयाकार भांड्याच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरून बाहेर पडत. एरवी वाया जाणारी उष्णता अशा रीतीने पाणी करण्याच्या कामी येई.

इंधनातील ९० टक्क्यांहून अधिक उष्णता उपयोगी पडते, असा नान्सेनचा दावा होता. बोचऱ्या वाऱ्यात तो कितपत टिकला असेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. परंतु सुमारे २० लिटर रॉकेलमध्ये दोघांना १२० दिवस रोज दोन वेळचे गरम जेवण व मुबलक पाणी मिळेल, या हिशेबावरच १४ मार्च १८९५ रोजी तो यालमार योहानसेनसह 'फ्राम' जहाज सोडून निघाला आणि ८ एप्रिल रोजी ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचला. तेथवर त्यापूर्वी कोणीही गेलेले नव्हते.

पुढे स्कॉट आणि शॅकल्टन यांनी अंटार्क्टिकात हाच कुकर वापरला. भांड्याची काटकसर मात्र डब्यातील गळतीपुढे निष्प्रभ ठरते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीस वाटेतल्या साठ्यांवरील डब्यांत रॉकेल कमी आढळले. झाकणाखालील चामड्याच्या चकत्या थंडीत निकामी होऊन तेल उडून गेले होते. हेच त्यांच्या मृत्यूचे एकमेव कारण नव्हे; उपासमार, हिमदंश व वादळ हीही कारणे होती. अॅमुंडसेनने आपले डबे डाख लावून बंद केले होते. मार्चअखेर स्कॉट व त्याचे दोन सहकारी तंबूत मरण पावले, तेव्हा पुढील साठा सुमारे २० किलोमीटरवर होता.