शीघ्रकवनाची जुनी तालीम

साताऱ्या-सांगलीकडची काही मुले आज मोबाइलवर ठेका लावून रॅप म्हणू लागली आहेत. कागद न धरता, ऐनवेळी ओळी जुळवायच्या, याला ती 'फ्रीस्टाइल' म्हणतात. घरातली वडीलधारी मंडळी हे परदेशी थेर म्हणून नाक मुरडतात. हिपहॉपचा जन्म १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब वस्त्यांतल्या तरुणांत झाला, हे खरेच. पण ठेक्यावर उभे राहून समोरच्याला पद्यातच जबाब देण्याची विद्या आपल्या मातीला नवी नाही. तिच्यात मुसलमानांचाही वाटा आहे, याचा मात्र आम्हा मुसलमानांनाच विसर पडला आहे.

कलगी-तुऱ्याचे उदाहरण घ्या. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. एका पक्षाने भेदिक लावणीतून कोडे टाकायचे, दुसऱ्याने ते पद्यातच सोडवायचे, अशी ही झुंज. या झगड्याची एक आख्यायिका उत्तरेकडे सांगतात. तुकनगीर हे गोसावी आणि शाहअली हे फकीर. दोघांचा सामना रंगला आणि खूश झालेल्या राजाने एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. तरीही लोकस्मृतीने गोसावी आणि फकीर यांना एकाच फडावर बसवले, ही गोष्ट लहान नाही.

इतिहासात नावे शोधू गेले तर उत्तर पेशवाईत सगनभाऊ भेटतात. धर्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला हा माणूस होनाजी, रामजोशी यांच्या पंक्तीला बसला. सातारा भागात पुसेसावळीच्या हैबती घाडगे यांनी भेदिक शाहिरी गाजवली. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावी १८६६ साली जन्मलेले श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण्य बाजूला ठेवून तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. फडाने जात विचारली नाही असे आम्ही म्हणणार नाही. समाजाने ती विचारलीच. पण सवाल आल्यावर जबाब द्यायला जात उपयोगी पडत नसे.

मग नवशिका हे शिकत कसा असे? एकदम पुढे उभे राहून नव्हे. आधी झीलकऱ्यांत राहून 'जी जी' ओढायचे, तुणतुणे धरायचे, डफाचा ठेका अंगात मुरवायचा. चाली पाठ करायच्या, पुराणांतल्या कथा कानावर घ्यायच्या. झील आणि ध्रुपद ही नुसती शोभा नव्हती. झीलकरी ध्रुपद घोळवीत, तेवढ्या अवधीत शाहीर पुढची ओळ मनात बांधी. यमक आधी ठरले की ओळ त्याच्याकडे वळवता येते. आजचा रॅप शिकणाराही हेच करतो. शेवटचा शब्द आधी धरतो, अडला तर ठरलेल्या चार ओळींचा आधार घेतो. आपल्याकडच्या तरही मुशायऱ्यातही मिसरा आधी दिला जाई आणि काफिया-रदीफ सांभाळीत गझल बांधली जाई. तात्पर्य, ऐनवेळी सुचते ते रिकाम्या डोक्याला सुचत नाही.

ही विद्या करमणुकीपुरती राहिली नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि बार्शीचे अमर शेख यांनी १९४४ साली द. ना. गव्हाणकरांसह लाल बावटा कलापथक उभे केले आणि डफ कामगारांच्या हाती दिला. एक मातंग, एक मुसलमान. दोघेही १९६९ साली, दीड महिन्याच्या आत गेले.

आमची खंत वेगळी आहे. छापलेली लावणी उरली, पण सवाल-जवाबांत जे ऐनवेळी सुचले त्यातले पुष्कळसे त्याच रात्री विरून गेले. ते कोणी लिहून घेतले नाही. गावोगावच्या जुन्या गायकांकडे वह्या आहेत, बाडे आहेत. ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी उतरून घेतली पाहिजेत. हे काम आम्हा लिहित्यांचे आहे.

मुलांना आमचे एवढेच सांगणे. ब्रॉन्क्सचे जरूर ऐका, पण पुसेसावळी, वाटेगावही ऐका. आणि वडीलधाऱ्यांना विनंती, की पोराने घरात ठेका धरला तर दार लावून घेऊ नका. शिकलगाराच्या घरातूनही शाहीर निघाला होता.