हैयान टायफून: इशारा वेळेत मिळाला होता, मग ६,३०० लोकांचा जीव कसा गेला?

८ नोव्हेंबर २०१३, पहाटेचे ४ वाजून ४० मिनिटं. फिलिपिन्समधल्या समार बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या गिवान गावावर हैयान हे वादळ धडकलं. दिवस संपेपर्यंत त्याने देशाचा मधला पट्टा पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केला होता. सरकारी आकडेवारीनुसार ६,३०० लोकांचा मृत्यू झाला, एक हजाराहून जास्त लोक बेपत्ता झाले आणि २८ हजारांहून जास्त जखमी झाले. ११ लाखांच्या आसपास घरं पडली किंवा मोडली.

विशेष म्हणजे हे वादळ अचानक आलं नव्हतं. उपग्रहांची नजर त्याच्यावर अनेक दिवस होती. आदल्या संध्याकाळी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांनी स्वतः टीव्हीवर येऊन देशाला सावध केलं होतं आणि उंच लाटांचा धोकाही सांगितला होता. सुमारे ८ लाख लोकांना हलवण्यात आलं होतं. तरीही एवढे लोक का मेले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

तीन-चार दिवसांत वादळाने एवढा जोर कसा धरला?

टायफून, हरिकेन आणि आपल्याकडचं चक्रीवादळ, तिन्ही एकच. पॅसिफिकच्या पश्चिम भागात त्याला टायफून म्हणतात, एवढाच फरक.

हैयानला नाव मिळालं ४ नोव्हेंबरला, मायक्रोनेशियाच्या बेटांजवळ. दुसऱ्या दिवशी ते टायफून झालं आणि ६ तारखेला अमेरिकी नौदलाच्या टायफून केंद्राने त्याला 'सुपर टायफून' ठरवलं. २४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाढला, की हवामानशास्त्रज्ञ त्याला वादळ झपाट्याने तीव्र होणं म्हणतात. हैयानने ही मर्यादा आरामात ओलांडली.

कारण होतं समुद्राच्या पोटात. वादळाचं इंधन म्हणजे गरम पाणी. पण वादळ स्वतःच समुद्र घुसळतं, खालचं थंड पाणी वर आणतं आणि अनेकदा त्यामुळेच थोडं मंदावतं. फिलिपिन्सच्या पूर्वेला त्या वेळी गरम पाण्याचा थर बराच खोल होता. घुसळूनही वर येत होतं ते गरम पाणीच. शिवाय वरच्या आणि खालच्या थरातल्या वाऱ्यांत मोठा फरक नव्हता, त्यामुळे वादळाचा उभा मनोरा कलला नाही. ब्रेक लावणारं वाटेत काहीच नव्हतं.

वेग ताशी ३१५ की २३०?

सोशल मीडियावर हैयानचे दोन आकडे फिरतात आणि त्यावरून भांडणंही होतात. दोन्ही बरोबर आहेत. अमेरिकी केंद्र एका मिनिटाची सरासरी घेतं, त्यानुसार वेग ताशी ३१५ किलोमीटर. जपानची हवामान संस्था दहा मिनिटांची सरासरी घेते, तिचा आकडा २३०. वारा सतत कमी-जास्त होत असतो, त्यामुळे सरासरीचा काळ वाढवला की आकडा उतरतो. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो. म्हणून कोकणात आलेल्या निसर्ग वादळाचा आकडा थेट हैयानच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं ठरतं.

आणखी एक बारकावा आहे. या भागातल्या वादळांत नियमितपणे विमानं पाठवून मोजमाप करणं अमेरिकेने १९८७ मध्ये थांबवलं. त्यामुळे ३१५ हा आकडाही उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाज आहे.

नावंही दोन आहेत. हैयान हे चीनने सुचवलेलं आंतरराष्ट्रीय नाव, ते एका समुद्रपक्ष्याचं आहे. पण वादळ फिलिपिन्सच्या हद्दीत शिरलं की तिथली हवामान संस्था 'पगासा' त्याला स्वतःचं नाव देते. फिलिपिनो लोकांसाठी हे वादळ आजही 'योलांडा' आहे.

माणसं वाऱ्याने मेली की पाण्याने?

मुख्यतः पाण्याने. सर्वाधिक हानी झाली ती लेयते बेटावरच्या टॅक्लोबान शहरात आणि आसपासच्या किनाऱ्यावर. तेव्हा सुमारे २ लाख २० हजार वस्ती असलेलं हे शहर सान पेद्रो उपसागराच्या अगदी टोकाला आहे. हा उपसागर उथळ आहे आणि आत येताना नरसाळ्यासारखा निमुळता होतो.

वादळात हवेचा दाब खूप उतरतो. दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने वर येते. हैयानच्या केंद्रातला दाब ८९५ हेक्टोपास्कलपर्यंत खाली गेला होता, म्हणजे नेहमीपेक्षा शंभराहून जास्तने कमी. पण हा हिशेब जेमतेम एक मीटरच्या आसपास थांबतो. टॅक्लोबानमध्ये पाणी पाच मीटरहून जास्त चढलं. उरलेलं सगळं काम वाऱ्याचं.

वादळाचा डोळा शहराच्या दक्षिणेकडून गेला. तो जवळ येईपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे उपसागरातलं पाणी आधी बाहेर ढकललं गेलं. डोळा पुढे सरकताच वाऱ्याची दिशा फिरली. मग तेच पाणी, आणि त्यामागचं लेयते आखातातलं पाणी, नरसाळ्यात कोंबलं गेलं. पुढे जायला जागा नसल्याने ते शहरात शिरलं. किनाऱ्यावर नांगरलेली मोठी जहाजं वस्तीत येऊन पडली. विमानतळाची इमारत पाण्यात गेली.

समारच्या पूर्व किनाऱ्यावर एर्नानी इथे आणखी वेगळा प्रकार घडला. किनाऱ्यालगत प्रवाळाची रांग असली की लाटा अडतील, असा सर्वसाधारण समज. इथे मात्र लाटांचे थवे रांगेवर फुटले आणि पाण्याची त्सुनामीसारखी भिंत किनाऱ्यावर आली. त्याचा व्हिडिओ उपलब्ध आहे. एक अख्खं घर काही क्षणांत नाहीसं होताना त्यात दिसतं.

इशारा नेमका कुठे अडला?

एका शब्दावर. सरकारी इशाऱ्यांत 'स्टॉर्म सर्ज' हा इंग्रजी शब्द होता. तो बऱ्याच लोकांनी ऐकला, पण त्याचा अर्थ त्यांना कळला नाही. 'त्सुनामी येतेय असं सांगितलं असतं तर आम्ही पळालो असतो,' हे वाचलेल्या अनेकांचं म्हणणं पुढे वारंवार नोंदवलं गेलं. आपल्याकडे किनाऱ्यावर उधाण म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही, ते तिथीवरून कळतं. वादळाने आत ढकललेलं पाणी मात्र कोणत्याच पंचांगात नसतं.

याच भागात ऑक्टोबर १८९७ मध्येही वादळासोबत समुद्र आत घुसला होता. ११६ वर्षांत ती आठवण पुसट झाली. दरवर्षी सरासरी २० वादळं या देशाच्या हद्दीत येतात. 'आणखी एक वादळ' म्हणून घर राखायला मागे थांबणं यात वेडेपणा नव्हता, आजवरचा अनुभव तेच सांगत होता. जे निघाले त्यांतलेही अनेकजण सुरक्षित जागी पोहोचले नाहीत. निवाऱ्याच्या काही इमारती वाऱ्याला टिकतील अशा होत्या, पण सखल भागात होत्या. पाणी तिथेही शिरलं. संरक्षणमंत्री आणि गृहमंत्री स्वतः टॅक्लोबानमध्ये येऊन थांबले होते, यावरून तयारी नव्हती असं म्हणता येणार नाही. तयारी वाऱ्याची होती.

उलट उदाहरणही त्याच दिवसाचं आहे. सेबू प्रांतातल्या तुलांग दियोत या चिमुकल्या बेटावर सुमारे हजार लोक राहत. तिथल्या प्रशासनाने वाड्या-वस्त्यांची छोटी मंडळं करून आपत्तीची तयारी आधीपासून करून घेतली होती. वादळाच्या आदल्या दिवशी सगळं बेट रिकामं केलं. जवळपास ५०० घरं गेली, माणूस एकही गेला नाही.

त्यानंतर काय बदललं?

फिलिपिन्समध्ये धोक्याचे सिग्नल तेव्हा चारपर्यंतच होते. २०१५ मध्ये पाचवा सिग्नल आला आणि 'सुपर टायफून' हा वर्गही. पण सिग्नल वाऱ्याचे असतात. जास्त महत्त्वाचा बदल म्हणजे वादळी लाटेचा इशारा आता वेगळा दिला जातो आणि पाणी किती मीटर चढेल, हे त्यात सांगितलं जातं.

हैयान आणि योलांडा ही दोन्ही नावं यादीतून कायमची काढण्यात आली. त्यांच्या जागी आता बायलू आणि यास्मिन ही नावं आहेत. टॅक्लोबानच्या अनिबोंग भागात वस्तीवर चढलेल्या 'एव्हा जोसेलिन' जहाजाचा पुढचा भाग तिथेच ठेवून त्याचं स्मारक केलं आहे.