तळटीप : पेशींच्या पुटिका

* पुटिका म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, मेदाच्या आवरणाची सूक्ष्म पिशवी. एक्सोसोम हा तिचा छोटा प्रकार, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचा. आधी हा सारा पेशीचा केरकचराच समजला जाई. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतली गाठ इतकी बेसुमार वाढते की आतल्या भागाला प्राणवायू पुरत नाही. अशा कोंडीतल्या पेशींच्या पुटिकांमधली प्रथिने आणि आरएनए जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावतात. मरू घातलेल्या पेशीही जाता जाता पुटिका सोडतात आणि त्यांमुळे मागे उरलेल्या पेशी उपचारांना अधिक चिवटपणे तोंड देतात; त्यामुळे गाठीतल्या पेशी मरू लागल्यावर लेखकाने इथे टाकलेला सुटकेचा निःश्वास जरा घाईचा वाटतो. २००८ साली काही रुग्णांच्या रक्तातल्या पुटिकांमध्ये गाठीतल्याच बदललेल्या ईजीएफआर जनुकाचा आरएनए सापडला. तेव्हापासून कवटी न उघडता, रक्त तपासून निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. – संपा.