घाटकोपरहून साताऱ्याला, व्हाया नाशिक

मुलुंडहून लोकलने घाटकोपरपर्यंत उभ्याने आलात. पर्स पुढे घेतलेली, एका कानात इअरफोन. मेट्रोच्या पुलावर गर्दी तुंबली की तुमचा अभ्यास सुरू होतो. रात्री घरी उतरवून घेतलेल्या व्हिडिओत मद्रास आयआयटीचे प्राध्यापक सरळ रेषेचं समीकरण समजावत असतात आणि पुढच्या माणसाची सॅक तुमच्या हनुवटीला लागत असते. वय त्रेचाळीस. बारावी कॉमर्स, पहिल्याच वर्षाला सुटलेलं बी.कॉम., लग्न, दोन मुलं आणि अंधेरी एमआयडीसीत अकाउंट्सची नोकरी. ऑफिसात कुणालाही ठाऊक नाही. मैत्रिणींच्या ग्रुपवर तुम्ही अलीकडे फार गप्प असता, त्याचं कारण नवी वेबसिरीज आहे असा समज आहे. तो तुम्ही खोडून काढलेला नाही.

परीक्षेचं नाव क्वालिफायर. मद्रास आयआयटीने 2020 साली डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम काढला. त्याला जेईई लागत नाही आणि वयाला वरची मर्यादा नाही. बारावी झालेली हवी, दहावीला गणित आणि इंग्रजी असलेलं हवं. आधी चार आठवडे ते शिकवतात: गणित, संख्याशास्त्र, कम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी. दर आठवड्याला असाइनमेंट. त्यात किमान गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं आणि ती मात्र केंद्रावर जाऊन द्यायची, चार तास. पास झालात की प्रवेश. अमुक इतक्याच जागा, अमुक रँकपर्यंतच, असलं काही नाही. आपल्याकडे प्रवेशपरीक्षा म्हटली की माणसं गाळायची चाळणी असाच अर्थ घेतला जातो. त्या मानाने हे बरंच सभ्य वागणं म्हणायचं.

तरी तुमच्या पोटात गोळा येतो. हा गोळा बराच जुना आहे आणि आज तो कुठून येतो ते बघून यायचंय. पुलावरून मेट्रोकडे वळू नका. उलट्या बाजूने जिना उतरा. फोन पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा, तिकडे त्याचा उपयोग नाही.

खाली उतरून मागे वळून बघता तर पूल नाही. मेट्रो 2014 ला येणार आहे आणि तुम्ही 1995 च्या एका रविवारच्या सकाळी घाटकोपर स्टेशनबाहेर उभ्या आहात. पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली रांग आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने अजून पुरते मॉल झालेले नाहीत, पण कुठल्या गेटला टाळं लागणार याचीच चर्चा चहाच्या टपरीवर चालू आहे. एक सूचना: या साली तुम्ही स्वतः मुलुंडला आठवीत आहात. तिकडे फिरकू नका. ती मुलगी गणिताच्या पुस्तकात तोंड खुपसून बसलेली असेल आणि तिला आत्ताच काही सांगून घाबरवण्यात अर्थ नाही.

एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर चला. वर्गाबाहेर खडूने लिहिलंय: अभ्यासकेंद्र, पूर्वतयारी शिक्षणक्रम. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा हा वर्ग. विधिमंडळाच्या कायद्याने 1 जुलै 1989 ला नाशिकला हे विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला 1969 मध्ये सनद मिळाली आणि 1971 च्या जानेवारीत बीबीसीच्या मदतीने तिचं शिकवणं सुरू झालं, हैदराबादला 1982 मध्ये आणि दिल्लीत 1985 मध्ये आपल्याकडची मुक्त विद्यापीठं निघाली. त्या वाटेवर महाराष्ट्राने टाकलेलं हे पाऊल. पुस्तकांवर 'ज्ञानगंगा घरोघरी' असं छापलेलं असतं. घोषवाक्याची सरकारी चव सोडून द्या, पूर्वतयारीची कल्पना मात्र धाडसाची होती. ज्याची दहावी-बारावी राहिली, पण लिहिता-वाचता येतं आणि वयाने जो सज्ञान आहे, त्याने ही पुस्तकं वाचायची, एक परीक्षा द्यायची आणि सरळ पदवीच्या पहिल्या वर्षाला बसायचं. मधली सगळी नापास झालेली वर्षं कुणी विचारणार नाही.

बाक लहान मुलांचे आहेत, गुडघे आपटतात. शिकवणाऱ्याला इथे सर म्हणत असले तरी कागदोपत्री ते संमंत्रक. आठवडाभर कॉलेजात शिकवून रविवारी इथे येतात. पुस्तकही नेहमीसारखं नाही. धड्याऐवजी घटक, प्रत्येक घटकाआधी त्याची उद्दिष्टं आणि अधूनमधून थांबवून विचारलेले प्रश्न, ज्यांची उत्तरं तुमची तुम्हीच तपासायची. शिक्षक शेजारी नाही हे धरूनच हे पुस्तक लिहिलंय. तुमच्या फोनमधल्या व्हिडिओच्या मध्ये पटकन एक प्रश्न उगवतो ना, त्याची आजी ही.

मागच्या बाकावर जागा मिळते. शेजारची बाई तुमच्याहून थोडी लहान. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक, हाताला पिठाचा वास.

"नवीन का, ताई?"

"हो. आजच आले."

"फॉर्म भरला असलात तर पावती जपून ठेवा. माझी पुस्तकं यायला दीड महिना लागला. पोस्टमनला विचारून विचारून तो माझा भाऊच झालाय आता." मग आवाज खाली घेऊन, "पेपर मराठीतच असतो ना हो?"

मराठीतच असतो, असं तुम्ही सांगता. त्या श्वास सोडतात. दहावीला इंग्रजीत राहिल्या होत्या, एकोणीस वर्षांपूर्वी. निकाल बघायला वडील गेले होते आणि परत येऊन ते काही बोलले नाहीत, जेवायला बसले. एवढंच त्यांना आठवतं. पापड लाटायला जातात, दोन मुली शिकताहेत. धाकटी आठवीत.

"घरी काय सांगितलंत?"

"भजनाला जाते म्हणून." त्या हसतात. "भजनाला नाही म्हणत नाहीत ना कोणी."

फळ्याजवळ गिरणीतून कमी झालेला एक माणूस आहे, बँकेतला एक शिपाई आहे. पदवी झाली तर क्लार्कच्या परीक्षेला बसता येईल हे त्याचं गणित साधं आहे. एसटीतल्या कंडक्टरची ड्युटी बदलली की तो येत नाही, म्हणून आज आलेला बघून सगळ्यांना आनंद झालाय. संमंत्रक वस्तुनिष्ठ प्रश्न कसा वाचायचा ते सांगताहेत: चारही पर्याय वाचल्याशिवाय खूण करू नका, पहिलाच बरोबर वाटतो तिथे फसायला होतं. हा सल्ला लिहून घ्या. तीस वर्षांनी तुमच्याही उपयोगाचा आहे.

वर्गात नीट बघितलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. पुस्तकात काय आहे याची भीती इथे कुणालाच फारशी नाही. ती दोन घटकांत मोडते. भीती आहे ती त्या जुन्या शाळेची, जेवायला बसलेल्या वडिलांची. आणि तिच्याहूनही मोठी अडचण तासाची. रविवार सकाळचा हा दीड तास प्रत्येकाने कुठून तरी चोरून आणलाय: भजनातून, ओव्हरटाइममधून, झोपेतून. मुक्त विद्यापीठाने अट काढून टाकली, फी कमी ठेवली, पुस्तक घरपोच दिलं. तास द्यायचं काम घराचं होतं आणि घरांनी ते फार क्वचित केलं. तुमच्याकडेही सकाळी पाच ते साडेसहा ही वेळ ठरलीय, कुकर लावायच्या आधीची. ती कुणी दिली नाही, तुम्हीच घेतलीत.

(मुलुंड पूर्वेला नाणेपाडा रस्त्यावर इग्नूचं, म्हणजे दिल्लीच्या त्या मुक्त विद्यापीठाचं, मुंबई प्रादेशिक केंद्र कित्येक वर्षं होतं. तिथल्याही पूर्वतयारीच्या वर्गासाठी असेच लोक अर्ज घेऊन रांगेत उभे असत. तुम्ही भाजी घेऊन त्या रस्त्याने गेला असाल, पाटी वाचली नसेल.)

आणखी मागे जाताना 1946 ला फार वेळ थांबायला नको, पण फोर्टच्या बाजूला डोकावू. डॉ. आंबेडकरांनी आदल्या वर्षी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज 20 जूनला सुरू झालंय, वर्ग लष्करी बराकींत भरताहेत. कॉलेज सकाळचं आहे. दिवसा कचेरीत कारकुनी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. म्हणजे वेळापत्रक आखणाऱ्याने आधी कचेरीच्या घड्याळात बघितलं. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात.

आता छत्री घ्या. पुढचा टप्पा पायी आहे.

सप्टेंबर 1875. कुंभार्ली घाट. पाऊस असा की दहा पावलांपुढचं दिसत नाही. पुढे काही मुलं चालताहेत, डोक्यावर कांबळी, काखेत पडशी. दापोलीजवळच्या मुरूडहून निघालीत, साताऱ्याला जायचंय, सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी. ती पास झाली की शिक्षकाची वा कचेरीतली नोकरी मिळू शकते. समुद्राने मुंबईला जाता येतं का ते आधी बघून झालं, पण त्या हवेत बोट मिळाली नाही. परीक्षेला चार दिवस उरलेत आणि अंतर सुमारे 110 मैल. त्यातला अंगाने सगळ्यात किरकोळ मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. एप्रिल 1858 चा जन्म, म्हणजे सतरा पुरी.

त्यांच्या मागून चाला. तुमच्या चपला पहिल्या चढावरच चिखलात राहतील. मुलं उजळणी करताहेत, एकमेकांना विचारताहेत, मध्येच कुणाचं तरी उत्तर वाऱ्यात विरून जातं. चालता चालता अभ्यास करण्याची ही पद्धत तुम्हाला चांगलीच ओळखीची आहे.

साताऱ्याला वेळेत पोचतात. परीक्षा समितीच्या अध्यक्षासमोर एकेकाला उभं करतात. किमान वय सतरा. कर्व्यांच्या हातात वयाचा दाखला आहे. अध्यक्ष दाखल्याकडे बघतात, मुलाकडे बघतात, आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परीक्षेला बसू देत नाहीत. झालं. प्रश्नपत्रिका न बघताच परत चालायचं.

कर्व्यांनी 'आत्मवृत्त'मध्ये ही हकीकत लिहिली आहे आणि शाळांतून ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मला ती जिद्दीपेक्षा दाराची गोष्ट वाटते. दारावरच्या माणसाच्या मनात उमेदवाराचं एक चित्र असतं आणि कागद काहीही म्हणो, तो त्या चित्राशी ताडून बघतो. पुढच्या वर्षी कोल्हापूरला कर्वे ती परीक्षा पास झाले. मॅट्रिक झाले तेव्हा 1881 साल होतं आणि ते तेवीस वर्षांचे होते, मुंबईत, आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात बसून.

तुम्ही साताऱ्याच्या त्या पडवीत उभ्या आहात, पण तुमच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. दाराशी तुमचं चित्रच नाही. याच 1875 मध्ये बेळगावच्या एका पोस्टमास्तराने आपल्या मुलीला मॅट्रिकला बसता येईल का, असं मुंबई विद्यापीठाला विचारलं होतं. उत्तर नाही असं आलं. नियमात उमेदवार पुल्लिंगी होता. विद्यापीठाने आपल्या परीक्षा बायकांना खुल्या केल्या त्या 1883 मध्ये. आणि ज्या मुलाला साताऱ्याने लहान म्हणून परत पाठवलं, त्याने 1916 मध्ये बायकांसाठी वेगळं विद्यापीठच काढलं. अंधेरीहून बसने जाताना त्याच एसएनडीटीचा जुहूचा परिसर लागतो.

परत फिरा. पण घाटकोपरला नको, थेट येत्या रविवारी उतरू.

अंधेरी पूर्वेला एका गाळ्यावजा इमारतीत संगणक केंद्र आहे. फाटकाबाहेर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, कानात गाणी, हातात पारदर्शक पाउच. त्यांच्या आया पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या, बाप घड्याळं बघताहेत. तुमची लेक कालच म्हणाली, "आई, क्वाड्रॅटिक चुकलं ना, तर तिथेच बसून राहू नकोस, पुढे जा." तिला तरी सांगितलंत, हे बरं केलंत. नवऱ्याला बुधवारी कळलं. तो म्हणाला, मग रविवारी जेवण मी बाहेरून आणतो. एवढ्याने तुम्हाला रडू येईल असं वाटलं नव्हतं.

रांगेत तुमची पाळी येते. सिक्युरिटीवाला हात आडवा करतो.

"पेरेंट्स उस साइड, मॅडम. बच्चे को अंदर भेजो."

तुम्ही हॉलतिकीट पुढे करता. तो फोटो बघतो, तुमच्याकडे बघतो, जन्मतारीख वाचतो, पुन्हा तुमच्याकडे बघतो. मागची पोरं चुळबुळतात.

"आपका खुद का है?"

"माझंच आहे."

तो हात काढतो. बॅग काउंटरवर, घड्याळ बॅगेत, आधारकार्ड हातात. तुमचं मशीन खिडकीपासून तिसरं आहे, एसी जरा जास्तच आहे, ओढणी घेऊन ठेवली असेल तर पांघरा. चार तास आहेत. संख्याशास्त्र आधी घ्या: सरासरी, मध्यक आणि बहुलक ही तुमची रोजची माणसं आहेत, तिथे हात बसेल. मग गणित. इंग्रजीत स्वर-व्यंजनांच्या उच्चारांवर विचारतील, मराठी माध्यमातल्या माणसाला ते उगीच अवघड वाटतं. दोनदा वाचून सुचलं नाही तर पुढे जा. आणि चारही पर्याय वाचल्याशिवाय खूण करू नका.