आधी दिवटी, मग कॅमेरा

आमच्या पाथर्डीकडे कीर्तन ऐकायला जातात. गोंधळ, तमाशा आणि भारूड मात्र बघायला जातात. "रात्री गोंधळ बघायला येतोस का?" असंच विचारतात. रात्रभर गाणंच चालतं, पण क्रियापद डोळ्यांचं. लग्नांच्या शूटिंगचा धंदा तीस-पस्तीस वर्षं करूनही या शब्दाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. गाण्याला चित्र जोडायची कला टीव्हीने आणली, अशी माझी पक्की समजूत होती. तिकडे एमटीव्ही सुरू झालं 1 ऑगस्ट 1981 ला, आणि त्यावरचं पहिलंच गाणं व्हिडिओने रेडिओच्या गवयाचा जीव घेतला असं रडगाणं होतं. तेव्हा आमच्या आळीत टीव्ही नव्हता, पण चित्रासकट गाणं होतं.

मी खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेतला तो 1990 च्या सुमारास. आमची लग्नसराई खरी भरते ती उन्हाळ्यात, साखर कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे हंगाम संपून, ऊसतोडीच्या गाड्या गावाकडे परतल्यावर. दिवसाला दोन-दोन लग्नं, 180 मिनिटांची कॅसेट, एक हॅलोजन आणि तो धरायला एक पोरगा. मग नगरला जाऊन मिक्सिंग. तिथे शूटिंगवर सिनेमाची गाणी चढवायची, पान उलटल्यासारखं चित्र उलटायचं, बदामाच्या आकारात नवरा-नवरी बसवायचे. त्यावेळी याला कला म्हणत, मीही म्हणत होतो.

एका लग्नात पाठवणीच्या गाण्यावर मी जीव ओतला. गाण्यात चंद्र आला की चंद्र दाखवला, झोका आला की झोका, पाखरू आलं की कॅलेंडरवरचं पाखरू. कॅसेट बघून मुलीच्या बापाने ती माझ्या हातात परत दिली. म्हणाला, "माझी पोर कुठंय यात?" पैसे त्याने दिले, पण राग मला पुढे कितीतरी दिवस होता. त्याच घरी लग्नानंतरचा गोंधळ झाला. म्हाताऱ्या गोंधळ्याला मी हा प्रसंग सांगितला, तर तो तंबाखू मळत म्हणाला, "बाळा, तोंडानं सांगितलं तेच हातानं दावायचं, मग माणसानं करायचं काय?"

त्या रात्री मी पहिल्यांदा गोंधळ नीट बघितला. ज्वारीच्या ताटांचा मांडव, त्याखाली पाटावर घट, खण, नारळ. संबळाच्या दोन तोंडांवर दोन काठ्या, त्यातली एक वाकडी. तुणतुण्याची एकच तार. आणि तेलात भिजवलेल्या पलित्याची दिवटी. आधी गण, मग देवदेवतांना गावोगावचं नाव घेऊन बोलावणं: तुळजापूरची ये, माहूरची ये, मोहट्याची ये. त्यानंतर आख्यान, शेवटी आरती. आख्यानात द्रौपदी आली, पण गोंधळी द्रौपदी झाला नाही. पदर घेतला नाही, बायकी आवाज काढला नाही. साथीदाराने विचारलं, "मग?" तेव्हा त्याने दिवटी उचलून बसलेल्या बायकांच्या तोंडावरून सावकाश फिरवली. उजेड जिच्यावर थांबला, तिने मान खाली घातली. गाण्यात द्रौपदी होती आणि उजेडात त्या घरची थोरली सून. मला पाठवणीच्या कॅसेटीत काय करायला हवं होतं ते तिथे कळलं. मांडवाच्या खांबाला टेकलेला मुलीचा बाप पुरला असता. चंद्र गाण्यात होताच.

हॅलोजन लावू नको, असंही गोंधळ्याने सांगितलं होतं. मी लावला. शूटिंगमध्ये दिवटी एक पांढरा डाग झाली.

चित्र दाखवून गाणं सांगायचा धंदा तर या मुलखात शेकडो वर्षांचा आहे. चित्रकथी म्हणत त्यांना. आज त्यांचं गाव म्हणून ओळखतात ते कुडाळजवळच्या पिंगुळीला. तिथल्या ठाकर मंडळींनी ही कला टिकवली आणि परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 सालचा पद्मश्री किताब मिळाला. पण याच प्रकारच्या जुन्या चित्रांना आपल्याकडे 'पैठण शैली' असंही नाव पडलं आहे, आणि पैठण आम्हाला शेवगाव ओलांडलं की आलं. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. सांगणारा हातात वीणा घेऊन गातो, साथीला हुडूक आणि टाळ, आणि पान गुडघ्याला टेकून उभं.

पिंगुळीला मी एकदा मुद्दाम गेलो. धंदेवाईक नजरेने बघितलं ते हे, की गाणं धावतं आणि चित्र थांबतं. एका पानावर सीता, रावण आणि जटायू; त्या एका पानावर गाणारा कितीतरी कडवी गातो. बघणाऱ्याचा डोळा आपला आपण फिरतो. आधी सीतेकडे, मग रावणाच्या मोठ्या डोळ्याकडे, मग पंखाकडे. कट मारायचं काम प्रेक्षकावर सोडलेलं. मी मिक्सिंगला बसून दर तीन सेकंदाला चित्र बदलत होतो.

मग चित्र हलायला लागलं. तेही आधी सिनेमात नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मुलांना हाताशी घेऊन 1892 मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. एकाहून जास्त दिव्यांनी एका चित्रावर दुसरं चढवून हातपाय हलल्याचा भास, आणि बाजूला उभं राहून कथा सांगणारा माणूस. ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला तो 7 जुलै 1896 ला, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. तो मुका होता असं आपण सहज म्हणतो, पण मुक्या सिनेमालाही पडद्याजवळ बसलेल्या पेटी-तबल्याची साथ असे.

1932 मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठीला बोलता सिनेमा दिला आणि एक उलटापालट झाली. तोवर गाणं आधी होतं आणि चित्र त्याच्या आधाराने उभं राहत होतं. आता प्रसंग आधी आणि त्याच्या मापाचं गाणं नंतर. दामले-फत्तेलाल यांच्या 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये याचा कळस आहे. त्यातला एक अभंग तुकोबांचा नाहीच, तो शांताराम आठवल्यांनी त्या प्रसंगासाठी लिहिला. तो इतका चपखल बसला की लोक तुकोबांचाच समजून म्हणतात. मी तो सिनेमा कॅमेरा हातात आल्यावर पुन्हा बघितला. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गातात, आणि गौरीबाईंनी केलेली तुकोबांची बायको आवली त्या गाण्याला जराही भीक घालत नाही. ती म्हशीचं बघते, पोरांचं बघते, चिडते. गाणं एकीकडे ओढतं, चित्र दुसरीकडे. व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला, तो मराठी न कळणाऱ्यांनी केला. त्यांना आवली कळली असणार.

हा सिनेमा आमच्यापर्यंत आला यात्रेतल्या तंबूतून. आमची यात्रा मढीची, निवडुंगे गावापासून आत. तिथे कानिफनाथांची संजीवन समाधी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा, रंगपंचमीच्या आसपास गाढवांचा बाजार, रेवड्यांचा प्रसाद, आणि गोपाळ, वैदू, कैकाडी, कोल्हाटी अशा कितीतरी भटक्या जमातींची पालं. तंबूबाहेर चित्रांची पेटीही असे; लहानपणी मी ती याच यात्रेत बघितली. पत्र्याच्या भोकाला डोळा लावायचा, पेटीवाला हाताने चित्रांची पट्टी फिरवायचा आणि पायातल्या घुंगराच्या तालावर गाऊन सांगायचा, आता ताजमहाल आला, आता हेमामालिनी आली. त्याचं गाणं चित्राच्या जरा पुढे असायचं. हेमामालिनी म्हटल्यावर ती यायला एक क्षण लागायचा, आणि दहा पैसे त्या क्षणाचे होते.

तमाशात या सगळ्याचं मिश्रण झालं. गण, गवळण, बतावणी, वग ही जुनी वीण. मधल्या रंगबाजीत सिनेमाची गाणी शिरली, दिवे शिरले, धूर शिरला. नाकं मुरडणाऱ्यांची कमी नव्हती. पण संगमनेरच्या कांताबाई सातारकरांसारख्या बाईंनी फड उभा ठेवला तो या गर्दीला धरूनच. कनातीबाहेरच्या पोराला वगनाट्याआधी ती गाणीच आत ओढत.

माझ्या धंद्याचा सोन्याचा काळ व्हीसीडीचा. साधारण 2000 नंतरची दहा वर्षं. चिनी प्लेअर दीड-दोन हजारांत येऊ लागला आणि कॅसेटवर ऐकलेली प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी लोकांना बघायची होती. देवीची, खंडोबाची, भीमगीतं, कोळीगीतं. मोहट्याच्या देवीच्या नवरात्रात डोंगराच्या पायथ्याशी नारळ-खणाच्या पाट्यांशेजारी चकत्यांच्या माळा लटकत. संत भगवानबाबांच्या गाण्यांनाही तसाच उठाव असे. अशा काही चकत्यांच्या शूटिंगला मी दुसरा कॅमेरामन म्हणून गेलो.

गोष्ट बहुतेक एकच. लेकरू आजारी, सासू टोचून बोलते, सून देवीला नवस बोलते, घाट चढते, भोवळ येते, म्हातारीच्या रूपात देवी पाणी पाजते, लेकरू उठतं. गाण्यात यातलं काहीच नसे. गाण्यात नुसती देवीची साडी, मळवट, डोंगर. सहा कडव्यांच्या साडीचोळीवर दिग्दर्शक एक अख्खं कुटुंब उभं करायचा, एका दिवसात, दोन हजारांच्या नटांत. शहरातली माणसं हसतात. मी हसत नाही. कडव्यात नसलेली सून गाण्याला जोडून देणारा तो माणूस गोंधळ्याच्या कुळातला होता, त्याला ते ठाऊक नसलं तरी.

त्या चित्रांचा भडकपणाही उगीच नव्हता. व्हीसीडीवर चित्र मावायचं 352 बाय 288 ठिपक्यांत, आणि एका चकतीत जेमतेम सव्वा तास. लांबची जत्रा घेतली की माणसांचे चौकोन व्हायचे. म्हणून चेहरा जवळून घ्यायचा, साडी लाल-हिरवी, कुंकू मोठं. हिरवा डोंगर तर चिखलासारखा दिसायचा, मग देवीच्या मागे निळं आकाशच धरायचं. चित्रकथ्याच्या पानावरचे ते मोठे डोळे आणि जाड रेघाही लांब बसलेल्या माणसाला दिसाव्यात म्हणूनच असतील, असं मला वाटतं.

2016 हे साल आमच्या धंद्याला दोनदा लागलं. एप्रिलमध्ये 'सैराट' आला. नागराज मंजुळ्यांनी करमाळ्याकडच्या विहिरी, ऊस आणि केळी दाखवल्या आणि त्या उन्हाळ्यात प्रत्येक नवरदेवाला विहिरीच्या काठावर शूटिंग हवं झालं. सप्टेंबरमध्ये जिओ आलं. चकत्या दोन वर्षांत संपल्या. आता गाणं यूट्यूबवर येतं, जळगावकडच्या संजू राठोडने 'गुलाबी साडी' केलं आणि 2024 ची एकही वरात त्यावाचून निघाली नाही. टिकटॉक होतं तोवर टिकटॉक, जून 2020 च्या बंदीनंतर इन्स्टाग्रामचं रील.

ती रील मी बारकाईने बघतो. दसऱ्यानंतर आमचा निम्मा तालुका कोयता घेऊन कारखान्यांवर जातो. तिथल्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, उभी राहून एक बाई सिनेमाच्या गाण्यावर नुसते ओठ हलवते. गाण्यात स्वित्झर्लंड आहे. मागे उसाच्या पाचटाचा ढीग, बैलगाडीचं जू, चूल, आणि झोळीत झोपलेलं लेकरू. तिने ते मांडलेलं नाही, ते तिथे होतंच. पाठवणीच्या कॅसेटीत मला जे जमलं नाही ते ती पंधरा सेकंदांत करते आणि पुन्हा मोळ्या बांधायला जाते.

परवा एका लग्नानंतरच्या गोंधळाचं काम होतं. पोराकडे ड्रोन, माझ्याकडे छोटा कॅमेरा. हॅलोजन आता मी नेत नाही. गोंधळी नवा, त्या म्हाताऱ्याचा नातू. बोलावणं झालं, मोहट्याची आई आली, आख्यान सुरू करायच्या आधी त्याने खिशातून मोबाईल काढला, घटाशेजारच्या तांब्याला टेकवून लाईव्ह चालू केलं आणि मला म्हणाला, "मामा, दिवटी येतीय का त्यात, बघा बरं जरा."

मी वाकून बघितलं. येत होती, पण पांढरा डाग होऊन. मी मांडवातली ट्यूब बंद करायला सांगितली.